मागची सीट

आमच्या घराण्यात वेगाचं वेड कुणालाच नव्हतं. आजोबा गाडी सुटायच्या दोन तास आधी स्टेशनावर जाऊन बसत आणि अण्णा मोटार चालवताना सायकलवाल्यांनासुद्धा पुढे जाऊ देत. अशा कुळात मला ऑटोक्रॉसची बाधा झाली. केनयाच्या जोगिंदर सिंग या सरदारजींनी १९६५, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा सफारी रॅली जिंकल्याचं मी वाचलं आणि मला वाटलं, सरदारजींना जमतं तर बँकेतल्या कारकुनाला का जमू नये?

ऑटोक्रॉस म्हणजे गरिबाची रॅली. माळरानावर शंकू मांडून वेडीवाकडी वाट आखतात. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावून बसतात. शंकू पाडलात की वर सेकंदांचा दंड. तीन फेऱ्या, त्यांतली सर्वांत चांगली वेळ धरायची. गाडी घरची असली तरी चालते. आमच्या घरी अण्णांची पद्मिनी होती. १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांडीवरचा गियर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर ती दारात आली होती, त्यामुळे अण्णा तिला नवसाच्या पोरासारखी जपत.

१९८७ सालच्या एका रविवारी, अण्णा भाजी आणायला गेलेले पाहून, मी ती पळवली. ‘सर्व्हिसिंगला नेतोय’ अशी चिठ्ठी ठेवली. वजन कमी म्हणजे वेग जास्त, हे शास्त्र मी वाचलेलं होतं. म्हणून मागची सीट काढून व्हरांड्यात ठेवली. स्टेपनी काढली. रबरी नळीनं टाकीतलं दहा लिटर पेट्रोल डब्यात काढलं. तेवढंच साडेसात किलो कमी! बायको म्हणाली, “अहो, त्यापेक्षा तुम्ही महिनाभर भात सोडला असतात, तर सीट काढावी लागली नसती.”

पहिल्या फेरीत गाडी सुसाट निघाली. पहिलं मोठं उजवं वळण आलं आणि इंजिन दोनदा खोकून बंद! गाडी थांबल्यावर चावी फिरवली तर लगेच सुरू. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा तेच. माझ्या आधीच्या मनुष्याला जेवढी सेकंदं लागली, तेवढी मिनिटं मला लागली.

बाजूला येऊन बॉनेट उघडलं. उघडं बॉनेट आणि उपवर मुलगी असलेलं घर, ही दोन ठिकाणं अशी, की सल्ला द्यायला येणाऱ्यांना आमंत्रण लागत नाही. एक म्हणाला, “प्लग.” चारही प्लग काढून पुसले. दुसरा म्हणाला, “पॉइंट.” पॉइंट पॉलिशपेपरनं घासले. तिसऱ्यानं कार्बोरेटर उघडून जेटमध्ये शंखासारखी फुंकर मारली. चौथा म्हणाला, “कॉइल तापलीय,” आणि माझ्या बनियनची ओली घडी तिच्यावर ठेवली. प्रत्येक उपायानंतर गाडी जागेवर छान घुरघुरायची आणि प्रत्येक वैद्य छाती फुगवून बाकीच्यांकडे पाहायचा. दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर तोच खोकला.

मी घामानं आणि ग्रीजनं माखून बसलो होतो. एवढ्यात मैदानाशी रिक्षा थांबली आणि अण्णा उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा. माझे पाय गार पडले. एवढा गारवा कॉइलला मिळता तर!

“अण्णा, ते सर्व्हिसिंग...”

“सीट काढून सर्व्हिसिंग कुठे करतात, ते मला पाहायचं होतं,” अण्णा म्हणाले. शेजारच्या पोराकडून त्यांना सगळा तपशील मिळाला होता. मग त्यांनी बॉनेटकडे न बघता विचारलं, “कुठल्या वळणावर बंद पडते?”

“उजव्या.”

“डाव्या वळणावर?”

“नाही.”

“आणि उभी असताना?”

“उत्तम चालते.”

“मग प्लगला डावं-उजवं कळतं का रे? टाकीत तळाला चार थेंब ठेवलेस. गाडी गर्रकन वळली की ते एका बाजूला पळतात आणि पंप हवा ओढतो. पेट्रोलचा काटा पाहिलास?”

काटा गेली दोन वर्षं अर्ध्यावरच मुक्काम ठोकून होता, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. अण्णांनी काही न बोलता डबा माझ्या हाती दिला. तिघे वैद्य हळूहळू दुसऱ्या रोग्याकडे सरकले. चौथा माझं बनियन घेऊन गेला.

तिसरी फेरी पुरी झाली. इंजिन एकदाही खोकलं नाही. शंकू मात्र दोन आडवे झाले. माझ्या गटात सात गाड्या होत्या, मी सहावा आलो. सातव्याची गाडी सुरूच झाली नव्हती.

आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. अण्णांनी रुमालानं पत्र्यावरची धूळ पुसली, ओरखडे मोजले आणि म्हणाले, “चौथ्या शंकूपाशी गियर उशिरा टाकलास.”

अण्णा मालक या नात्यानं नेहमी मागे बसत आणि मागून सूचना देत. त्या दिवशी मागे सीटच नव्हती. ते पुढे, माझ्या शेजारी बसले. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. फक्त कोपऱ्यावर एक सायकलवाला आडवा आला तेव्हा म्हणाले, “जा पुढे. आज आपण घाईत आहोत.”

दुसऱ्या दिवशी मी सीट बसवायला गेलो, तर अण्णा व्हरांड्यात तिच्यावर बसून पेपर वाचत होते. “राहू दे,” म्हणाले, “पुढची शर्यत कधी आहे?”