शिक्षक घडवणारे नगर

पुण्याहून निघालेली गाडी शिरूर, सुपे मागे टाकून नगरच्या माळरानावर येते, तेव्हा वाटेवरची हिरवळ विरळ होऊ लागते. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ. 1490 मध्ये अहमद निजामशहाने वसवलेले आणि आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाणारे हे शहर पर्यटकाला भुईकोट किल्ला व चांदबिबीचा महाल दाखवते. व्यापाऱ्याला ते कापडबाजार, आडते बाजार आणि दाळमंडई दाखवते. आनंदधामला दर्शनासाठी येणारे श्रावक-श्राविका दर्शन घेऊन परततात. या शहराचा आणखी एक वारसा आहे आणि तो सहसा कोणाच्या यादीत नसतो. तो म्हणजे येथील शाळा आणि त्यांत आयुष्य वेचलेले शिक्षक.

समुद्रापलीकडून आलेली शिक्षिका

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे उघडले. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. त्यामुळेच पालक साशंक असत आणि धर्मांतराची एखादी वार्ता येताच मुलांना शाळेतून काढून घेत. त्यातही मुलींनी शिकावे, ही कल्पनाच त्या काळी बहुतेक घरांना अमान्य होती. लिहू-वाचू लागलेली स्त्री वैधव्य ओढवून घेते, अशी समजूत घराघरांत होती.

अशा गावात 1839 मध्ये सिंथिया फरार नावाची शिक्षिका आली. न्यू हॅम्पशायर राज्यात 1795 मध्ये जन्मलेली ही अविवाहित स्त्री 1827 च्या डिसेंबरात, सुमारे सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून मुंबईला उतरली होती. एकट्या स्त्रीने घर सोडून परमुलुखात शिकवायला जावे, ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही विरळाच होती. मुंबईत मुलींच्या शाळा चालवताना तिची प्रकृती ढासळली. 1837 मध्ये ती मायदेशी गेली. तेथेच राहिली असती तर कोणी दोष दिला नसता. पण दोन वर्षांनी ती परत आली आणि थेट नगरला आली.

पुढची तेवीस वर्षे तिने येथेच काढली. ती मराठी शिकली, मुलींच्या शाळा चालवल्या, त्यांसाठी शिक्षक उभे केले. वाचन, लेखन, हिशेब, भूगोल आणि शिवणकाम असा त्या काळच्या मिशन शाळांतील मुलींचा अभ्यास असे. परकी भाषा, उन्हाळ्याचा ताप, पटकीची साथ आणि वरचेवर रिकामे होणारे वर्ग यांतून तिची वाट गेली. जानेवारी 1862 मध्ये नगरमध्येच तिने देह ठेवला.

नगरची वात, पुण्याचा दिवा

1848 मध्ये जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली. मुली फळ्यासमोर बसून शिकत आहेत, हे दृश्य त्यांच्या मनात घर करून राहिले. त्याच वर्षी पुण्याच्या भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतीरावांनी घरीच करून दिली होती. शिकवण्याचे प्रशिक्षण मात्र त्यांनी नगरला फरारबाईंच्या संस्थेत घेतले. स्वतः लिहिता-वाचता येणे वेगळे आणि दुसऱ्याला लिहिते-वाचते करणे वेगळे. ही दुसरी विद्या त्यांना नगरने दिली. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण आणि चिखल पडला, तरी ती घेतलेली विद्या त्यांनी सोडली नाही.

फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आज शाळेत निबंध म्हणजे गुण मिळवण्याचा एक प्रश्न. त्या मुलीने मात्र आपल्या समाजाला सोसाव्या लागणाऱ्या अपमानाचा जाब थेट समाजाला आणि धर्माला विचारला. 1855 मध्ये तो निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ‘ज्ञानोदय’चा जन्म 1842 मध्ये नगरलाच झाला होता. नगरच्या शिक्षिकेने एक शिक्षिका घडवली, त्या शिक्षिकेच्या शाळेतून लिहिणारी मुलगी निघाली आणि तिचे शब्द नगरला जन्मलेल्या पत्राने महाराष्ट्रापुढे ठेवले.

वर्गातला हातमाग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळांनी नगर जिल्हा होरपळला. 1899-1900 च्या दुष्काळानंतर अनाथ मुलांचा मोठा भार मिशनच्या शाळांवर आला. या मुलांना नुसती अक्षरे देऊन भागणार नव्हते. पोट भरण्याची कला द्यायला हवी होती. त्यातून सुतारकाम, धातुकाम, विणकाम शिकवणाऱ्या उद्योगशाळेला महत्त्व आले. बोस्टनच्या तंत्रविद्येच्या नामांकित संस्थेत शिकलेले डेव्हिड चर्चिल हे अभियंते विसाव्या शतकाच्या आरंभी येथे आले. येथील विणकराचे कष्ट पाहून त्यांनी हातमागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला. विणकराला कमी श्रमात अधिक कापड काढता यावे, असा त्यांनी बनवलेला माग ‘चर्चिल माग’ म्हणून ओळखला गेला. नगरच्या लुगड्यांवर ज्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या घरांना माग आणि बाजार यांचे नाते समजावून सांगण्याची गरज नाही.

1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या माणसाला मोठ्या शहरात मानाचे स्थान सहज मिळाले असते. त्यांनी नगर निवडले. वस्तू नव्हे, माणसे घडवावीत, हा त्यांच्या संस्थेच्या ब्रीदाचा आशय आहे.

करंजी घाटापलीकडे

नगरहून पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर पाथर्डी आहे. करंजी घाट चढून, तिसगाव ओलांडून रस्ता तेथे पोहोचतो. याच तालुक्यातील चिचोंडी गावी 27 जुलै 1900 रोजी गुगळे कुटुंबात नेमीचंद जन्मले. 1913 मध्ये मिरी येथे पूज्य रत्नऋषीजींकडून त्यांनी दीक्षा घेतली. तेच पुढे आचार्यसम्राट आनंदऋषीजी झाले. गुरूंनी या बालमुनीच्या संस्कृत-प्राकृत अध्ययनाकडे कसून लक्ष दिले, आणि विद्येची ती ओढ गुरुशिष्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1923 मध्ये पाथर्डीला श्री तिलोक जैन विद्यालयाचा पाया घातला गेला. 1936 मध्ये तिलोकरत्न धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. परीक्षा आली की अभ्यासक्रम लागतो, पुस्तके लागतात आणि मुख्य म्हणजे शिकवणारे लागतात. गावोगावच्या पाठशाळांना या बोर्डाने शिस्त दिली.

विद्यालयाची दारे मात्र केवळ जैन मुलांसाठी उघडलेली नव्हती. पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दिवाळी सरली की बैलगाड्या आणि ट्रक भरून कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. येथील शिक्षकाचे काम फळ्यापाशी संपत नाही. मुलाला आजीपाशी किंवा वसतिगृहात ठेवा, अशी विनवणी करत त्याला वस्त्यांवर फिरावे लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेल्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून जोडून घ्यावे लागते. फरारबाईंपुढे रिकामे वर्ग होते. पाथर्डीच्या शिक्षकापुढेही ते येतात. कारणे तेवढी बदलली.

दानाचा दुसरा अर्थ

जैन व्यापारी समाजाने शाळांना कधी हात आखडता घेतलेला नाही. खोल्या, ग्रंथालये, वसतिगृहे यांवरील संगमरवरी पाट्या त्याची साक्ष देतात. परंतु भिंती उभारणे पैशाने साधते. वर्ग उभा राहतो तो माणसाने. मुलगा सनदी लेखापाल होतो, मुलगी डॉक्टर होते, याचा आनंद घरात साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण एखाद्या मुलाने शिक्षक व्हायचे म्हटले, तर किती घरांत तसेच पेढे वाटले जातात? पाठशाळेत दर रविवारी विनावेतन शिकवणाऱ्या सुनेचा सन्मान वर्षातून एका नारळावर आटोपतो.

शास्त्रात ज्ञानदानाला थोर मानले आहे. त्याचा अर्थ ग्रंथ वाटण्यापुरता नाही. एका शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलणे, ऊसतोडीला निघालेल्या एका मुलाचा हंगामभराचा निवारा सांभाळणे, घरातील मुलीने शिक्षिका व्हायचे ठरवले तर तिच्या पाठीशी उभे राहणे, हेही ज्ञानदानच आहे. आनंदधामच्या दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबाने एखादा दिवस राखून करंजी घाट चढावा आणि मुलांना पाथर्डीचे विद्यालय दाखवावे. तेथे मधल्या सुटीत एखाद्या शिक्षकाशी चार शब्द बोलावे. दिवाळीनंतर वर्गात किती मुले उरतात, हे त्याच्याकडून मुलांच्या देखत समजून घ्यावे.