नानीचे अकरा सेकंद

आपल्याकडे बहुतेक घरांत लग्नाची डीव्हीडी अम्मीच्या लोखंडी कपाटात, निकाहनाम्याच्या पिशवीतच असते. ती लावायला आता प्लेअर नसतो. मग कुणीतरी ती दुकानात देऊन ‘पेनड्राइव्हवर टाकून द्या’ म्हणतं. घरी येऊन बघावं तर चेहरे पसरलेले, कुणी हललं की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा.

आपाच्या 2006 सालच्या लग्नाचं असंच झालं. त्यात आमची नानी आहे. तिला तसवीर काढून घेणं आवडायचं नाही. बायकांच्या बाजूला शूटिंग नको असं ठरलंही होतं. पण रुखसतीच्या वेळी कॅमेरा फिरला आणि आपाच्या डोक्यावर हात ठेवणारी नानी अकरा सेकंद त्यात आली. पुढच्याच वर्षी तिचा इंतकाल झाला. हलणारी, बोलणारी नानी आमच्याकडे तेवढीच. दुकानातून आलेल्या फाइलमध्ये तिचा हातच रेषांत हरवला होता.

म्हणून मूळ डिस्क घेऊन मीच बसलो. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवून नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो वाचायला जास्त त्रास देतो. मग सगळं फोल्डर जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरवलं. नुसत्या कॉपीने चित्राचा दर्जा घटत नाही. पुढे काही बिघडलं तर इथून पुन्हा सुरुवात करता येते.

रेषांचं कारण जुनं आहे. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला 25 चित्रं असतात आणि कॅमेऱ्याने टिपलेलं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांचं असतं: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, दोन्हींमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. जुना टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, म्हणून हलणारा हात फाटतो. यावर उपाय डीइंटरलेसिंगचा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो फिल्टर आहे. त्यात ‘बॉब’ निवडलं की सेकंदाला 50 चित्रं होतात आणि हालचाल सलग दिसते. हे न करता चित्र लहान-मोठं केलं, तर रेषा कायमच्या चित्रात मुरतात. दुकानात बहुधा तेच झालं असावं.

पसरलेल्या चेहऱ्यांचं कारण प्रमाण. डिस्कवर चित्र 720 बाय 576 असतं, पण त्या काळचं बरंचसं शूटिंग 4:3 मध्ये पाहण्यासाठी आहे. ते ताणून 16:9 केलं की सगळे वऱ्हाडी जाडे होतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, मी 18 ठेवला. हा आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.

भाच्याने सुचवलं, ‘मामू, एआयने एचडी करून बघू या.’ केलं. चित्र झकास चकचकीत झालं. नानीच्या गालावरच्या सुरकुत्या गेल्या, डोळे टपोरे झाले. डिस्कमध्ये नव्हतं ते यंत्राने अंदाजाने भरलं होतं. ती कुणाची तरी नानी होती, आमची नव्हती. ती फाइल आम्ही पुसली. जे टिपलं गेलंच नाही ते कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. असलेलं आणखी खराब होऊ न देणं एवढंच आपल्या हातात.

आता फाइल फॅमिली ग्रुपवर टाकायचा आग्रह सुरू झाला. तिथे टाकलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, हे एक कारण होतंच. पण अम्मी वेगळंच म्हणाली, ‘जी बाई फोटोला उभी राहत नव्हती, तिला दोनशे मोबाइलमध्ये फिरवायचं का?’ मग तीन प्रती केल्या: एक आपाकडे, एक खालाकडे, एक अम्मीकडे. ज्याला पाहायचंय त्याने घरी यावं, चहा घ्यावा, पाहावं.