फेट्याचा डाग

"सुट्टीत काय केलंस?" असं हॉस्टेलवर विचारलं की कुणी ट्रेनिंग सांगतं, कुणी कोर्स. मी सांगितलं, "छत लावलं." पार्टनरला वाटलं, गावाकडं पत्रे बदलले! मित्रांनो, छत गाडीचं. खरं म्हणजे छताच्या आतलं अस्तर.

आमच्या घरी 1967 सालची स्टँडर्ड हेराल्ड आहे. दोन दारांची, 948 सीसीची, बॉनेट अख्खं पुढे उघडणारी. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. आपल्याकडे 1961 पासून मद्रासला बनू लागली. हिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. दोन्हींचं डिझाईन इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. त्यामुळे बाबांच्या हिशेबी आमचीही स्पोर्ट्स कारच. पन्हाळ्याच्या चढाला ती धापा टाकते, हा भाग वेगळा!

गाडी आजोबांची. ते उंचेपुरे, त्यात डोक्याला फेटा, आणि हेराल्डचं छत बुटकं. फेटा वरच्या रेक्झिनला घासायचा. वर्षानुवर्षं घासून ड्रायव्हरच्या डोक्यावर तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत डाग पडला होता. आजोबा जाऊन चार वर्षं झाली.

अस्तर शिवणीत उसवून लोंबत होतं. मे महिन्यात बाबांनी विषय काढला आणि मी म्हणालो, "त्यात काय, मी करतो." मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं होतं ना! बाबा कामाला गेल्यावर ब्लेड घेतलं, तासाभरात सगळं अस्तर टराटरा कापून पोत्यात भरलं. तारा ओढून कोपऱ्यात टाकल्या. पोतं दारात ठेवलं, सकाळी भंगारवाला येणारच होता.

मग उद्यमनगरातल्या कुशनवाल्या चाचांकडे गेलो. हातातलं पाना-पक्कड न ठेवताच त्यांनी विचारलं, "जुनं अस्तर कुठाय?"

"काढून टाकलं."

"आरं, जुनं म्हंजे नव्याचं माप असतंय. मापच फाडलंस व्हय?"

तिथं मला पहिल्यांदा कळलं की मी काय काढलं होतं. हल्लीच्या गाड्यांत फोम लावलेलं कापड एका कडक पुठ्ठ्यावर चिकटवतात. फोम भुगा झाला की कापड लोंबतं, सोलायचं आणि नवं चिकटवायचं. जुन्या गाड्यांत तसं नसतं. कापडाच्या पाठीला आडव्या नळ्या शिवलेल्या असतात, त्यांतून पोलादी तारांच्या कमानी जातात आणि कमानींची टोकं छताच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. म्हणजे अस्तर चिकटलेलं नसतं, तंबूसारखं ताणलेलं असतं. चिकटवतात फक्त कडा, त्याही काचेच्या रबराखाली दडवून. प्रत्येक कमानीची लांबी निराळी, बाक निराळा. काढताना नंबर टाकायचे असतात. मी त्यांची मोळी बांधली होती.

संध्याकाळी बाबा गाडीत जाऊन बसले. वर उघडा पत्रा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाग कुठाय?"

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. व्हायव्हात झिरो पडला तरी इतकं वाईट वाटत नाही.

रात्री बॅटरी घेऊन पोतं उपसलं. डागाचे दोन तुकडे झाले होते.

दुसऱ्या दिवशी पोतं चाचांकडे नेलं. त्यांनी फरशीवर तुकडा तुकडा मांडून अख्खं छत जुळवलं. शिवणीच्या खुणांवरून नळ्यांच्या जागा काढल्या आणि नळीची लांबी बघून कुठली तार कुठली ते ओळखलं. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी हे बघायला हवं होतं. नवं रेक्झिन बेतून शिवलं, मग उन्हात पसरलं, कारण तापलं की ते मऊ पडतं आणि ताण घेतं. कमानी ओवून बसवल्या. आधी पुढे-मागे ताणायचं, मग बाजूला. सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. मला धीर नव्हता. एका कोपऱ्यात ओलं असतानाच दाबलं; हात काढला तसा तो सुटला. चाचांनी नुसतं बघितलं. त्यात चार वाजता आभाळ भरून आलं. वळवाची दमट हवा लागली तर सोल्यूशन नीट धरत नाही, म्हणून चौघांनी गाडी ढकलत शेडमध्ये घेतली. मागच्या काचेजवळ एक सुरकुती राहिली ती राहिलीच. चाचा म्हणाले, उन्हानं जाईल. अजून गेलेली नाही.

जुने तुकडे गोळा करताना चाचांनी विचारलं, "हे टाकू?" बाबांनी डागाचे दोन तुकडे वेचले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवले.

परवा घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, यंदा दसऱ्याला बाबा फेटा बांधून गाडी काढणार आहेत. मी त्यांना सांगितलं, "नवं रेक्झिन आहे, मान जरा वाकवून बसा."

"बघू," म्हणाले.

— तृतीय वर्ष पार केलेला एक मेकॅनिकलवाला