मधला घाट

दोन दिवसांची समुद्रसहल ही गोष्ट करायला सोपी आणि ठरवायला अवघड, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. सांगलीहून किंवा साताऱ्याहून शनिवारी पहाटे मोटार काढली, तर दुपारच्या जेवणाला कोणीही समुद्रकाठी पोचतो. मध्ये सह्याद्री आहे. पण सह्याद्रीत घाट आहेत, घाटांत डांबरी रस्ते आहेत आणि घाट उतरल्यावर माशांच्या वासाने भूक चाळवणाऱ्या खानावळी आहेत. तरीही आमच्या घरचा बेत ठरायला पाच आठवडे लागले. खरे सांगायचे तर सात वर्षे आणि पाच आठवडे.

बेत काढला तो आमच्या आईने. ही गोष्ट २०२३ सालच्या नोव्हेंबरातली. आईला एक्याऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. जन्म वाईचा, सासर साताऱ्याचे. पुढे माझ्या नोकरीमुळे सांगली. सारे आयुष्य कृष्णेच्या काठी गेले, पण समुद्र म्हणून तिने पाहिला नव्हता. एके दिवशी भाऊबीजेचे ताट आवरता आवरता ती म्हणाली, "मला एकदा समुद्र बघायचाय. पण दोघांच्या बरोबर. एकट्या एकट्याच्या बरोबर नाही जायची मी."

या 'दोघांच्या बरोबर'मध्ये सारी मेख होती.

आई सहा महिने साताऱ्याला दादाकडे आणि सहा महिने सांगलीला माझ्याकडे असते. तिची ने-आण कराडच्या एस.टी. स्थानकावर व्हायची. तिकडून पुतण्या तिला घेऊन येई, इकडून माझी मुलगी जाई, आणि टपालाच्या पिशव्या बदलाव्यात तशी आमची आई बदलली जाई. दादा आणि मी त्या फलाटावर कधी समोरासमोर आलो नाही. कारण सांगण्यासारखे मोठे नाही. २०१६ साली अण्णा गेले, साताऱ्यातल्या जुन्या घराच्या वाटणीवरून मी चार शब्द बोललो आणि दादा सहा बोलला. तेही विरले असते. पण २०१९च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढली आणि आमच्या घरात छातीएवढे पाणी शिरले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला मेव्हण्याकडे गेलो. आई तेव्हा साताऱ्याला होती. आम्ही सुखरूप असल्याचे मुलीने तिला कळवले. मी दादाला फोन केला नाही. थोरल्याने आधी विचारावे, ही माझी अपेक्षा. त्याने विचारले नाही. संकटात सापडलेल्याने आधी सांगावे, ही बहुधा त्याची अपेक्षा असावी.

तेव्हा बेत आखायचा तो मुलांमार्फत. पुतण्याने व्हॉट्सॲपवर 'समुद्र' नावाचा गट काढला आणि त्यावर दोन बेत समोरासमोर उभे राहिले.

दादाचा बेत असा : साताऱ्याहून महाबळेश्वर, तिथे स्ट्रॉबेरी आणि क्रीम, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि तिथून खेडमार्गे दापोलीचा किनारा. माझा बेत असा : सांगलीहून कोल्हापूर, तिथे मिसळ, मग मलकापूरवरून आंबा घाट, साखरपा आणि गणपतीपुळे. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. नकाशा पुढे घेऊन आंबा घाटाच्या बाजूने मी सात मुद्दे लिहून पाठवले. दादा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला. त्याने मुद्देनिहाय अभिप्राय दिले.

पंधरा दिवस हे चालले, तेव्हा एका रात्री आमची सौभाग्यवती म्हणाली, "तुमच्या लक्षात येतंय का? भावजींच्या बेतात आपण साताऱ्याला जायचं, आणि तुमच्या बेतात त्यांनी सांगलीच्या वाटेला यायचं. घाटाचं नुसतं नाव आहे."

मी नकाशा मिटून ठेवला.

शेवटी निकाल आईनेच दिला. "कुणी कुणाच्या दारात जायला नको. मला जिथं उतरवून घेता, तिथंच या. कराडला. तिथनं नाही का समुद्राला वाट?"

वाट होती. कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर. आमच्या दोन्ही घाटांच्या बरोबर मधली. नकाशावर ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. दादालाही दिसत असणार.

मग बाकीचे भराभर ठरले, म्हणजे भांडून ठरले. सर्वांना सवडीचा असा एकच शनिवार-रविवार निघाला, तोही वर्षअखेरचा : ३० आणि ३१ डिसेंबर. वर्षअखेरीला कोकणात खोली मिळवणे म्हणजे लग्नसराईत कार्यालय मिळवणे. पुतण्याने अकरा उपाहारगृहांची यादी केली होती. कुठली सुरमई ताजी, कुठली सोलकढी दाट, कोणाला किती तारे, सारे टिपून ठेवलेले. त्यातल्या एकाकडेही राहायला खोली नव्हती. अखेर गुहागरात एका घरगुती खानावळीत तीन खोल्या मिळाल्या आणि आम्ही निःश्वास टाकला. तेवढ्यात आईने दिनदर्शिका उलटली. "शनिवारी संकष्टी आहे," ती म्हणाली.

यादीतली अकराच्या अकरा उपाहारगृहे त्या क्षणी मावळली. आई चंद्रोदयापर्यंत उपाशी आणि आपण तिच्यासमोर पापलेट सोलतो आहोत, हे चित्र कोणालाच पाहवेना.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही सांगली सोडली. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलो आणि साडेसातच्या आत कराडच्या प्रीतिसंगमावर पोचलो. जागा आईनेच नेमून दिली होती. इथे कृष्णा आणि कोयना या दोन्ही महाबळेश्वरी बहिणी समोरासमोर येऊन भेटतात. थोड्या अंतरावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हा साताऱ्यात होते. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले, आणि देवराष्ट्रे जागच्या जागी सांगलीकर होऊन बसले. वाटण्या जिल्ह्यांच्याही होतात. पण कराडात बसून कोणी नदीची वाटणी केल्याचे ऐकिवात नाही.

दादा आधीच येऊन थांबला होता. त्याच्या डोक्यावरचे केस फार गेले होते. सात वर्षांत माझेही काही वाढले नव्हते. "आलास?" तो म्हणाला. "आलो," मी म्हणालो. यापुढे काय बोलावे ते दोघांनाही सुचेना, म्हणून आम्ही टायरमधली हवा तपासली.

मोटारी दोन. आईने मंडळींची विभागणी जाहीर केली. मुले एका गाडीत. दुसरीत दादाने चालवायचे, मी शेजारी बसायचे आणि मागे दोन सुनांच्या मध्ये ती. कोणीही हरकत घेतली नाही. गाडी लागू नये म्हणून वहिनींनी सर्वांना आलेपाकाची वडी दिली आणि आम्ही निघालो.

पाटण सोडल्यावर रस्ता कोयनेच्या काठाने वर चढू लागतो. हिवाळ्यातली सकाळ, नदीवर धुके, उसाचे हिरवे पट्टे आणि दोन्ही अंगांनी जवळ येणारे डोंगर. हेळवाकपाशी कोयना काटकोनात वळते. महाबळेश्वरपासून दक्षिणेला धावत आलेली नदी इथे पूर्वेकडे तोंड फिरवते. कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते. १०३ मीटर उंच. मुले छायाचित्रे काढत होती. आई मात्र भिंतीकडे पाहत भलत्याच आठवणीत शिरली होती.

"इथलाच ना तो भूकंप?"

इथलाच. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. दादा तेव्हा सहा वर्षांचा आणि मी चार. "साताऱ्याला फळीवरची भांडी धडाधड पडली," आई म्हणाली. "तुझे अण्णा दार उघडेपर्यंत तुम्हां दोघांना एकदम उचलून मी अंगणात. त्या वेळी काही जड वाटलं नाही. आता एकाला उचललं की दुसरा रुसतो."

दोन्ही सुना हसल्या. आम्ही दोघे धरण पाहत राहिलो.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आम्ही दशम्या सोडल्या. आईसाठी रताळी होती. समोर कोकण खोल पसरलेले. इतक्या उंचीवरून समुद्र दिसेल अशी आईची कल्पना होती, दिसला नाही. तिची समजूत घालावी म्हणून मी भूगोलाचा तास सुरू केला. कृष्णा जिथे उगम पावते तिथून पश्चिमेचा समुद्र सुमारे ६४ किलोमीटर आहे. पण ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कोयनाही तिच्याच मागे गेली. पण माणसांनी या डोंगरातून बोगदा काढला. धरणाचे पाणी त्यातून या बाजूला पडते, पोफळीला वीज करते आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला, म्हणजे समुद्राला जाते.

आईने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे जवळची वाट होतीच की."

दादाने किल्ली फिरवली. "चला, उशीर होतोय."

घाट उतरताना तो एक शब्द बोलला नाही. गाडी मात्र उत्तम उतरवली. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा अण्णांचा धडा तो विसरला नव्हता. एका वळणावर समोरून भरलेला ट्रक आला, तेव्हा मी नकळत "दादा, डावीकडं!" म्हणून ओरडलो. सात वर्षांत मी त्याला 'दादा' अशी हाक मारली नव्हती, हे मला त्यानंतर दोन वळणांनी लक्षात आले.

गुहागरला पोचायला एक वाजला. आईने समुद्र पाहिला तो सुरूच्या झाडांमधून. ती काही बोलली नाही. पायातल्या वहाणा काढल्या, वाळूवरून सावकाश चालत गेली आणि पहिली लाट पायावर आली तशी वाकून ते पाणी डोळ्यांना लावले. "खारट आहे खरंच," एवढेच म्हणाली. दुपारी हेदवीला जाऊन दशभुज गणपतीचे दर्शन झाले आणि दिवेलागणीला आम्ही पुन्हा किनाऱ्यावर आलो, चंद्राची वाट पाहायला. खानावळीच्या बाईंनी उकडीचे मोदक करायला घेतले होते. वास येऊन छळत होता. आईपाठोपाठ सगळ्यांनीच उपास धरलेला. मी आणि दादा वाळूत शेजारी शेजारी बसून समुद्राकडे डोळे लावून होतो. आठ वाजले. नऊ वाजले. दहा होत आले.

"ढग असतील," मी म्हणालो.

"आभाळ स्वच्छ आहे," दादा म्हणाला. मग थोडे थांबून, "अरे, चंद्र पूर्वेला उगवतो ना?"

आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिले. माडांच्या झावळ्यांतून, आम्ही ज्या बाजूने आलो त्याच डोंगरांच्या बाजूने, चांगला हातभर वर आलेला चंद्र आमच्या पाठीकडे पाहत होता. आई केव्हाच अर्घ्य देऊन मोकळी झाली होती. "तीस वर्षं भूगोल शिकवलास!" दादा म्हणाला, आणि असा हसू लागला की त्याला ठसका लागला. त्याच्या पाठीवर थाप मारता मारता मीही हसू लागलो. त्या रात्री मी नऊ मोदक खाल्ले. दादाने अकरा, यादीतल्या उपाहारगृहांइतके.

रविवारी मुलांची सुरमई झाली, आईचे घावन आणि नारळाचा रस झाला. घाट उजेडी चढायचा म्हणून एकच्या आत निघालो. कराडला साडेसहा वाजले. आईचा मुक्काम तेव्हापासून सांगलीला असायचा होता, मी तिची पिशवी माझ्या गाडीत ठेवायला घेतली, तोच दादा म्हणाला, "राहू दे. मी आणून सोडतो घरापर्यंत." मी पुन्हा त्याच्या शेजारी बसलो.

पेठ नाक्यापाशी त्याने गाडीचा वेग कमी केला.

"पुराच्या वेळी इथपर्यंत आलो होतो मी," तो रस्त्याकडे पाहत म्हणाला. "गाडीत चादरी, तांदूळ, स्टोव्ह सगळं भरून. पुढं पाणी होतं, पोलिसांनी सोडलं नाही. दोन तास थांबलो आणि परत फिरलो."

"फोन का नाही केलास?"

"पोचलोच नाही, तर सांगायचं काय?"

मागे आई झोपली होती. निदान डोळे मिटलेले होते.

घरी आल्यावर दादाने चप्पल काढली आणि दारातच थबकला. बैठकीच्या भिंतीवर पुराची तपकिरी रेघ अजून आहे. दोनदा रंग दिला, तरी ती वर येते. त्याने जवळ जाऊन तिच्यावर तळहात ठेवला. त्याच्या छातीशी आली.

"एवढं होतं?"

"एवढं."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. आत सौभाग्यवतीने चहाला पाणी वाढवले आणि वहिनींना म्हणाली, "आता रात्रीचं कुठं जाताय? गाद्या काढते."