भाकर म्हटलं तरी चालतं

माझी धाकटी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सांगलीत आमच्या वस्तीत जो तो म्हणायचा, "मामावर गेलीय. उशिरा बोलंल." कोणी जिभेला वेखंड लावायला सांगितले, कोणी नवस बोलायला. सासूबाईंनी नवसवालीला दारातूनच परत पाठवले. मला अभिमान वाटला. पण नवस केला नाही, तशी तपासणीही केली नाही. एका डॉक्टरांना विचारले, तर तेही म्हणाले, "थांबा थोडं." आम्ही थांबलो. त्यात वर्ष गेले. अंधश्रद्धा आम्ही सोडली होती, अज्ञान मात्र घरातच होते.

2016 साली उन्हाळ्यात माहेरी साताऱ्याला गेले. पोर चुलीपुढे खेळत होती. आईने तिच्या पाठीमागे उभे राहून ताटली चमच्याने वाजवली. पोर वळली नाही. आईने पुन्हा वाजवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हिला ऐकूच येत नाही गं."

साताऱ्याहून पुण्याला जाताना कात्रज ओलांडले की धनकवडीत भारती विद्यापीठ लागते. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी 1964 साली काढलेली ही संस्था. तिथे वाक् व श्रवण विषयाचे कॉलेज आहे. तिथेच तपासणी झाली. पोरीला झोपवून कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे यंत्र कागदावर काढते. त्याला बेरा म्हणतात. निदान आले : दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा. मी तिथेच रडले. बाई म्हणाल्या, "जीभ चांगली आहे हिची. ऐकलंच नाही, तर बोलेल कशी?"

कानाचे साचे घेतले, मशिनी बसल्या. मग आठवड्यातून एकदा थेरपी. सांगलीहून आदल्या दिवशी निघायचे, साताऱ्यात मुक्काम, पहाटेची एसटी. मालकांची कंपनीतली पाळी, मोठ्याची शाळा, सगळे सासूबाईंनी सांभाळले.

तिथे थेरपी द्यायला विद्यार्थिनी होती. वीस-एकवीस वर्षांची पोरगी. माझ्या मनात आले, गरिबाचे लेकरू म्हणून शिकायला वापरतात की काय? पण तिच्या मागे तिच्या बाई होत्या. धडा कसा घ्यायचा हे ती आधी लिहून आणायची, बाई तपासायच्या, चुकले की तिथेच सांगायच्या. खेळही साधा. आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा. आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज रोज. तेवढ्यावरून मशीन नीट चालते का, जाड-बारीक सूर कानी पडतात का, ते कळते.

खरे काम घरी, असे त्या म्हणाल्या. भांडी घासताना, पीठ मळताना पोरीशी बोलत राहायचे. इथेच माझे अडले. शुद्ध बोलायचे म्हणून मी त्यांच्यासमोर "ही पोळी आहे" असे पुस्तकातले बोलू लागले. आमच्यात रोज भाकर. पोर नुसती बघत बसायची. बाईंनी विचारले, "घरी काय म्हणता?" मी मान खाली घालून म्हणाले, "भाकर. पानी. आज्जे." त्या म्हणाल्या, "मग तेच म्हणा. घरची बोली म्हणजे दोष नव्हे. जे ती घरात दिवसभर ऐकेल, तेच आधी शिकेल." विद्यार्थिनीने माझे शब्द वहीत लिहून घेतले. पुढच्या खेपेला चित्राखाली "भाकर" लिहिलेले होते.

शाळेपासून ज्या बोलीची लाज बाळगली, तीच माझ्या लेकीचे औषध निघाली.

सहा महिन्यांनी सासूबाई तव्यापुढे बसल्या होत्या. पोर जवळ गेली आणि म्हणाली, "आज्जे, भाक." शेवटचा र नव्हता. सासूबाईंच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. वस्तीत पोरीला "मुकी" म्हणणाऱ्या बायांना त्यांनी त्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितले.

आज ती शाळेत जाते. स आणि श अजून नीट येत नाहीत, गोंगाटात ऐकू कमी येते, मास्तरांनी पाठ फिरवली की धडा बुडतो. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. गेलेले वर्षही परत येत नाही.

म्हणून भगिनींनो, माझ्यासारखे थांबू नका. बाळाची कानाची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, उपचार सहाव्याच्या आत, असा नियम आहे. बाळाच्या कानात बोंडू घालून होणारी चाचणी दुखत नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणाची तपासणीही येते. सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करा. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर मशीनसाठी केंद्राची एडिप योजना आहे.

आणि लेकराशी बोला. आपल्याच बोलीत, भरपूर बोला.