सब्र आणि साक्ष

न्यू जर्सीत आल्यापासून आम्ही दोघं दर वर्षी फ्लूची लस घेतो. त्या वर्षी औषधाच्या दुकानात सुई फार वर, खांद्याच्या हाडालगतच टोचली गेली. त्याच रात्री आमच्यापैकी एकीचा हात उचलेना. आम्ही कोकणातले, शाफई. रुकूत जाताना-उठताना हात खांद्यापर्यंत नेण्याची सवय. ते सुटलं, मग केस विंचरणंही. दुसऱ्यानं सांगितलं, "लस आहे, दुखणारच. सब्र कर." त्या सब्रात दोन महिने गेले.

डॉक्टर म्हणाले, दंडाच्या स्नायूत जायची लस वर सांध्याजवळच्या पिशवीत गेली, तिथं सूज आली. दोष लशीचा नव्हे, जागेचा.

अशा इजेसाठी अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं निधी आहे. फ्लूच्या प्रत्येक डोसामागे ७५ सेंट कर त्यात जमा होतो. खांद्याची ही इजा २०१७ पासून त्यांच्या यादीत आहे. दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं हवं, सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं हवं, आणि अर्ज तीन वर्षांच्या आत. वॉशिंग्टनच्या कोर्टात प्रतिवादी आरोग्यमंत्री असतात, सुई टोचणारा नव्हे. हे ऐकून आम्हाला हायसं वाटलं. त्या मुलाची नोकरी आम्हाला घालवायची नव्हती.

अम्मी रत्नागिरीहून फोनवर म्हणाल्या, "नशिबात होतं, त्याचे पैसे कसले मागता?" पण जखमेची भरपाई फिक्हला नवी नाही. आमची खरी धास्ती वेगळी होती. ओळखीत आधीच लशींबद्दल शंका; आमचं ऐकून कुणी मुलांच्या लशी टाळल्या तर? म्हणून वर्षभर बोललोच नाही.

अडलं ४८ तासांवर. डॉक्टरांची पहिली नोंद दोन महिन्यांनंतरची. वकिलांनी घरच्या माणसाचं शपथपत्र मागितलं. त्या रात्रीचा साक्षीदार एकच, तोच सब्र सांगणारा! "मी तेव्हा लक्ष दिलं नाही" हे वाक्य लिहावं की गाळावं, यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता. शेवटी लिहिलं. साक्ष अर्धी देता येत नाही.

निकाल अजून यायचा आहे. यंदाही लस घेतली. दुसऱ्या हाताला, गळा ओढून खांदा उघडा न करता, बाही पूर्ण वर गुंडाळून. टोचणाऱ्या मुलीला आम्हीच म्हटलं, "बेटा, जरा खाली."