आधी इमेज, मग बाकी सगळं

२०२० च्या दिवाळीत मुरुडला काकांकडे गेलो होतो. ३ जूनच्या निसर्ग वादळाला पाच महिने झाले होते, तरी वाडीत शिरलं की कसंतरीच व्हायचं. जिथे सुपारीमुळे भर दुपारी सावली असायची, तिथे लख्ख ऊन!

घरात काकांचा २००८ सालचा डेस्कटॉप. वादळातून वाचला, पण खाऱ्या हवेने आणि वयाने खंगलेला.

"अरे, चालू होताना अर्ध्यातच अडकतो. तू कॉम्प्युटरवाला ना? फॉरमॅट मारून टाक."

"काका, आत काय आहे?"

"काय असणार! आजीचे फोटो, वाडीचे हिशोब."

म्हणजे सगळंच की राव!

आपल्याला सवय असते आधी दुरुस्ती करून बघायची. मरायला टेकलेल्या डिस्कवर हाच घात होतो. दुरुस्तीचं प्रोग्रॅम त्याच डिस्कवर लिहीत सुटतं, आणि ती अजून किती वेळा वाचू देईल याचा भरवसा नसतो. म्हणून आधी पूर्ण डिस्कची इमेज, मग प्रयोग त्या इमेजच्या कॉपीवर. (सतत टकटक आवाज येत असता तर हातच लावला नसता. ते काम लॅबवाल्यांचं.)

पेन ड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू लिनक्स चालू केलं. जुनी डिस्क माउंटसुद्धा केली नाही. 'एलएसबीएलके'ने दोन्ही डिस्क ओळखून घेतल्या: १४९ जीबी दाखवतेय ती काकांची, ९३१ वाली माझी. इथे उलटापालट झाली तर आजी गेलीच म्हणून समजा! माझी डिस्क आधीच ईएक्सटी४ केलेली होती, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

साधं 'डीडी' पहिल्या खराब सेक्टरलाच थांबतं. त्याऐवजी 'डीडीरेस्क्यू' वापरलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडेल तो भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी तिथे परत येतं. कुठे काय राहिलं याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नाही. आणि मुरुडला लाइट जातेच. दोनदा गेली.

बहुतेक सगळी डिस्क दोन तासांत आली. उरलेल्या चिमूटभर भागाने पहाट केली.

सकाळी इमेजची कॉपी रीड-ओन्ली माउंट केली. उघडून बघितल्याशिवाय बॅकअप झाला म्हणू नये. पहिलाच फोटो उघडला: आजी वाडीत उभी, मागे गच्च सुपारी. काका चष्मा लावून जवळ आले. मला वाटलं आजीला बघतायत. पण ते बोट ठेवून मागची झाडं मोजत होते.

"एवढी होती नाही रे?" म्हणाले, आणि नव्या रोपांना पाणी घालायला निघून गेले.

ता. क. एक कॉपी काकांकडे, एक माझ्याबरोबर पुण्याला. दोन्ही एकाच छपराखाली ठेवल्या तर तो बॅकअप नव्हे. छप्पर उडतं, हे मुरुडला कोणालाही विचारा.